पुढच्या तारेवरचा कपडा

आमच्या घरी कपडे वाळत घालायच्या दोन तारा आहेत. एक पुढच्या गॅलरीत, एक मागे. पुढे साड्या, शर्ट, कुर्ते, चादरी. मागे आतले कपडे, आणि त्यांच्यावर जुनी ओढणी किंवा पातळ टॉवेल, म्हणजे बघणाऱ्याला फक्त टॉवेल दिसतो. ही पद्धत सासूबाईंची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती आहे, आणि तिला माझा काही विरोध नाही. मी फक्त ती नीट लावली. पुढे निळे चिमटे, मागे पिवळे. कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्या दिवशी एवढंच सांगावं लागतं.

मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते. याद्या करणं हा माझा स्वभावही आहे आणि पोटापाण्याचा उद्योगही. मध्यंतरी आमच्या गावाचं नाव बदललं तेव्हा कुठल्या कुठल्या कागदावर ते बदलायचं याची यादी मीच केली. कागदावर अहिल्यानगर लिहायचं आणि रिक्षावाल्याला नगर सांगायचं, यात मला कधी अडचण आली नाही. वस्तूला दोन नावं असली तरी चालतात, वस्तू कोणती ते पक्कं असलं की झालं.

पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक कपडा आला. त्याचं नाव ठरेना, आणि नाव ठरेना म्हणून तार ठरेना.

झालं असं, की संक्रांतीनंतर सासूबाई पाटावर चढून माळ्यावरची परात काढायला गेल्या आणि उजव्या खांद्यावर पडल्या. खांद्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नको, हात झोळीत बांधून ठेवायचा, मग व्यायाम, असं डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. अख्खी सोसायटी त्यांना ‘बाई’ म्हणते. त्यांनी डॉक्टरांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“चैत्रात हळदीकुंकवाला हात कपाळापर्यंत जाईल ना?”

“तुमच्या कपाळापर्यंत?”

“माझ्या कपाळाचं काय करायचंय? समोरच्या बाईच्या.”

“व्यायाम नेमाने केलात तर जाईल,” डॉक्टर म्हणाले. “नाही केलात तर खांदा धरेल, मग कधीच नाही जाणार.”

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे दरवर्षी असतं. सोसायटीतल्या बायका येतात, सासूबाईंच्या जुन्या विद्यार्थिनी येतात. त्यातल्या कितीतरी आता स्वतः सासवा झाल्यात. प्रत्येकीला कुंकू सासूबाई लावतात, उजव्या हाताने, आणि डावा हात त्यांना चालत नाही. यंदा मी लावते, असं मी घरी येताना रिक्षात म्हटलं. त्या म्हणाल्या, “लाव की. पण मग ते तुझं हळदीकुंकू. माझं बंद झालं असं सगळ्यांना सांग.”

तेव्हा काम काय आहे ते स्पष्ट झालं. चैत्रापर्यंत हात वर गेला पाहिजे.

पहिली अडचण कपड्याची. झोळीतला हात ब्लाऊजच्या बाहीत जात नाही. गाऊन डोक्यातून जात नाही. पहिले दोन दिवस आम्ही साडीच कशीबशी गुंडाळली, आणि सासूबाई पूर्ण वेळ पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. मी विचार केला. बाही नकोच. गळ्यातूनही नको. बसल्या बसल्या पायातून वर ओढता आलं पाहिजे आणि खांद्यावर नुसती गाठ मारता आली पाहिजे. असा कपडा मी मुलीच्या कपाटात पाहिला होता. त्याला काय म्हणतात ते तेवढं माहीत नव्हतं.

ऑफिस सुटल्यावर कापडबाजारात गेले. पहिल्या दुकानात काका गल्ल्यावरून म्हणाले, “शमीज का? केवढ्या मुलीला?”

“पंच्याहत्तर वर्षांच्या.”

त्यांनी चष्मा वर केला आणि मला शेजारच्या दुकानाचा पत्ता दिला. तिथे एक चटपटीत मुलगी होती. ती म्हणाली, “नूडल स्ट्रॅप दाखवू का स्पॅगेटी?”

“फरक काय दोघांत?”

“नूडलची दोरी गोल असते ताई आणि स्पॅगेटीची चपटी. पण दुसरीकडे विचाराल तर उलटं सांगतील.”

माझी मुलगी पुण्यात शिकते. तिला फोन लावला. ती म्हणाली, “आई, कॅमी म्हण. आणि पट्टे रुंद असले तर टँक टॉप. बिनबाह्यांचं सगळंच एक नसतं गं!” मग थोडं थांबून म्हणाली, “आजी घालणार आहे? आपली आजी?”

दोन्ही दुकानांत खांद्यावर सुटणारं काही मिळालं नाही. शेवटी मऊ मलमल घेतली, पांढरी आणि फिकट गुलाबी, आणि आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेले. मी हाताने आकार काढून दाखवला. त्या लगेच म्हणाल्या, “बेल्टवाला ना? होईल की. हळदीसाठी नवऱ्या शिवून घेतात माझ्याकडून. फक्त त्या चमकीचा सांगतात.”

चार शिवून आले. मी ते पलंगावर मांडले. सासरे पेपर ठेवून बघायला आले.

“हे तर माझं सँडो बनियन आहे,” ते म्हणाले. “नुसत्या नाड्या लावल्यात. पैसे कशाला घातलेस, माझं देत होतो की एखादं.”

सासूबाईंनी एक उचलून उजेडात धरला. “हा पेटीकोट आहे.”

त्या शब्दामागे बरंच होतं. त्यांच्या शाळेत मुलींनी गणवेशाच्या आत पेटीकोट घातलाच पाहिजे असा नियम होता, आणि आठवड्यातून एकदा प्रार्थनेआधी बाई स्वतः रांगेतून फिरत. कॉलरशी एक पट्टी दिसली की पुढे. नाही दिसली की बाजूला. नगरच्या निम्म्या बायका त्या रांगेत उभ्या राहिलेल्या आहेत.

“पेटीकोट आत घालतात,” त्या म्हणाल्या. “तो घालून मी माणसांसमोर बसू?”

“आई, नाव काहीही ठेवा. तुमचा हात मोकळा राहतो ना?”

“नाव काहीही कसं ठेवायचं? नावावरून तर कळतं कुठे घालायचं.”

“दुकानातली मुलगी याला स्पॅगेटी म्हणते, नूडल म्हणते.”

“मग आता शेवया राहिल्या,” त्या म्हणाल्या. पण घातला. दुसरं घालण्यासारखं काही नव्हतंच. घातला आणि वरून शाल घेतली. फेब्रुवारी होता, शाल खपून गेली.

झोळी निघाली तरी हात ब्लाऊजच्या बाहीत जाईना. त्याच कपड्यात व्यायाम सुरू झाले. आमची फिजिओथेरपिस्ट मुलगी काष्टी गावची, गोड बोलणारी पण ऐकून न घेणारी. तिने सासूबाईंना भिंतीसमोर उभं केलं आणि बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चढवत न्यायला सांगितली.

“आजी, शाल काढता का?”

“शाल राहू दे.”

“मला खांदा दिसला पाहिजे ना.”

“खांदा आहे जागेवर. तू हात बघ.”

हात वर जात होता. बऱ्यापैकी जात होता. मी खूशही झाले होते. पण त्या मुलीने शालीवरून हात ठेवला आणि मान हलवली. “आजी, हात वर जात नाहीये. खांदा कानाकडे येतोय आणि हाताला सोबत घेऊन जातोय. ही चोरी झाली.”

आमच्या सासूबाईंना चोरी करताय असं आजवर कोणी म्हटलेलं नसावं. त्यांचे कान लाल झाले. “मी आयुष्यभर परीक्षा घेतल्यात, बाळ. चोरी कशाला म्हणतात ते मला माहीत आहे.”

“हो आजी, पण खांद्याला माहीत नाही ना. त्याला सोपं पडतं तसं तो करतो.” मग ती माझ्याकडे वळली. “काकू, घरी तुम्ही बघायचं. हे खांद्याचं टोक आणि हा कान. मधलं अंतर कमी झालं की चोरी. पण त्यासाठी खांदा उघडा पाहिजे. शालीतून नाही कळत.”

हे मला पटलं. मोजता येणारी गोष्ट मला लगेच पटते. घरी आल्यावर मी खुर्ची भिंतीला लावून तिच्यावर बसले आणि माझ्या टिकलीच्या उंचीवर पेन्सिलने भिंतीवर रेघ मारली. बसलेल्या बाईचं कपाळ इथे येतं. खुर्चीत बसूनच या रेघेपर्यंत जायचं, आणि चोरी न करता जायचं. सासूबाईंनी रेघ पाहिली. दार लावून घेतलं, कडी घातली, आणि मग शाल काढली. माझ्यासमोर चालेल, एवढं त्यांनी ठरवलं होतं. सासरे बाहेरून म्हणाले, “मला का बाहेर ठेवलंय? बनियन माझं आहे!” आतून उत्तर आलं, “तुम्ही पेपर वाचा.”

असे आठवडे गेले. बोटं भिंतीवर चढत गेली. आधी स्विचबोर्डापर्यंत, मग कॅलेंडरच्या खालच्या कडेपर्यंत. जिथे खांदा उचलला जाई तिथे मी “कान” म्हणत असे, आणि त्या मुकाट्याने हात खाली घेऊन पुन्हा सुरुवात करत. पण फिजिओच्या खोलीत शाल अंगावरच असायची, कारण त्या खोलीला रस्त्याकडून काच होती. तिथे ती मुलगी शालीवरून हात ठेवून अंदाज घ्यायची आणि मला विचारायची, “घरी?” मी सांगायची, “घरी बरं आहे.” रेघेच्या खाली चार बोटं उरली होती, आणि तिथून पुढे चोरी झाल्याशिवाय हात सरकतच नव्हता. चैत्र लागला तरी नाही.

आता त्या तारेचं. मावशी तिसगावकडच्या. एका सकाळी गॅलरीत गेले तर चारांतले दोन टॉप पुढच्या तारेवर, निळ्या चिमट्यांत, उन्हात हलत होते.

“मावशी, हे मागे घालायचे असतात.”

“मागं? कशापायी? ही बंडी हाय की ताई.”

“आतला कपडा आहे तो.”

“आतला कुठला, त्याच्या वर काय बी घालत न्हाईत बाई. नुसती शाल. आमच्याकडं म्हातारी मानसं बंडी घालून पारावर बसत्यात. तिला कोन झाकून वाळवतं?” आणि चिमटा आणखी घट्ट केला.

मी विचार केला. मागच्या तारेवर ऊन दुपारी येतं. चारच टॉप आहेत, घामाने रोज दोन निघतात. पुढे लवकर वाळतील. आणि मावशींचं म्हणणं बरोबरच होतं. वरून काही घालत नाही तो कपडा आतला कसा? मी ते तिथेच राहू दिले. सासूबाई मागच्या खोलीत असायच्या, त्यांना ते दिसत नव्हतं. हा निर्णय मी घेतला आणि आजही तो मला योग्यच वाटतो.

हळदीकुंकवाच्या दिवशी सगळी तयारी वेळेवर झाली होती. आंब्याची डाळ वाटून फोडणी घालून ठेवली होती, पन्हं माठात गार होत होतं, हरभरे भिजवलेले, मोगऱ्याचे गजरे ओल्या फडक्यात. चंदन सकाळपासून मी उगाळलं. चैत्रात आमच्याकडे येणारीच्या हाताला चंदन लावून त्यावर शिंपल्याने रेघा उठवतात, उन्हाळ्याचा तो थंडावा. राहिली एकच गोष्ट. सकाळी सासूबाईंनी भिंतीशी शेवटचा प्रयत्न केला आणि रेघेला बोट लागलं, पण मी “कान” म्हटलं. त्यांनी हात खाली घेतला. “बघू संध्याकाळी,” म्हणाल्या. हिरवी साडी नेसल्या, आत पांढरा टॉप, वरून शाल. एप्रिलच्या नगरमध्ये शाल. कपाळावर घाम येत होता आणि त्या डाव्या हाताने टिपत होत्या.

पाचनंतर बायका येऊ लागल्या. समोरच्या इमारतीतल्या काकू आल्या, त्यांची गॅलरी आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर आहे. सासूबाईंची एक जुनी विद्यार्थिनी आली, तिला नातू झाला होता. सासूबाई गौरीशेजारी खुर्चीत बसल्या होत्या, कुंकवाचा करंडा मांडीवर. काकू त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि डाळीचा घास घेत म्हणाल्या,

“बाई, नात आलीये वाटतं सुट्टीला?”

“नाही. का हो?”

“नाही, ते गॅलरीत रोज दिसतात ना, नाड्यांचे. उघड्या खांद्यांचे. आमच्या ह्यांनीसुद्धा विचारलं. पुण्यात चालत असेल हो सगळं, मी काही म्हणत नाही. पण आता तिचं बघायला घ्याल ना तुम्ही, तर लोक काय, गॅलरीसुद्धा बघतात.”

मी स्वयंपाकघराच्या दारात पन्ह्याचा ट्रे घेऊन उभी होते. उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण मला बोलावं लागलं नाही. सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. पुढची तार त्यांना त्या क्षणी कळली असणार. मग त्या काकूंकडे वळल्या. वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

“नात पुण्यात आहे. तिची परीक्षा चालू आहे. ते टॉप माझे आहेत.”

“इश्श! बाई, काहीतरीच!”

“काहीतरी नाही.” त्यांनी डाव्या हाताने शालीचं टोक धरलं आणि शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. पदर डाव्या खांद्यावर होता, उजवा खांदा मोकळा. बारीक पांढरी दोरी, तिच्यावर गाठ. “हे पांढरं. काल तुम्हाला गुलाबी दिसलं असेल. मुलीच्या नावाला काही लावू नका. विचारायचं ते मला विचारा.”

काकूंचा चमचा वाटीतच राहिला.

पहिल्यांदा हसली ती जुनी विद्यार्थिनी. “बाई! तुम्ही आमचे पेटीकोट तपासायचात रांगेत!”

“तुझा नसायचाच कधी.”

“नसायचाच! फार उकडायचं हो!”

आणि मग खोली एकदम सुटली. कोपऱ्यातल्या एकीने सांगितलं की तिच्या माहेरी याला समीज म्हणतात आणि ती स्वतः उन्हाळ्यात घरी हेच घालून पोळ्या लाटते, दाराची बेल वाजली की वरून गाऊन. दुसरीची सून जिमला घालून जाते, “तिच्या भाषेत रेसर का काहीतरी, मागून इंग्रजी वायसारखं.” तिसरी म्हणाली, “मी तर नावच नाही ठेवलं. नाव ठेवलं की सासू विचारणार.” तिच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुझा कुठे वाळतो ते मला माहीत आहे गं. टॉवेलखाली.” एकीने शिवणाऱ्या बाईंचं घर कुठे म्हणून मला विचारलं. मी नंबर देते म्हटलं.

विद्यार्थिनीने चंदनाची वाटी घेतली आणि सासूबाईंसमोर खाली बसली. दरवर्षी चंदन मनगटापासून कोपरापर्यंत लागतं, पुढे बाही येते. यंदा बाही नव्हती. ती दंडावरून वर वर लावत गेली. शालीखालच्या घामाने तिथे घामोळं उठलं होतं, लाल.

“अगं बास. मी काय देवीची मूर्ती आहे?”

“बाई, हलू नका,” ती म्हणाली, आणि शिंपल्याने खांद्यापर्यंत रेघा उठवल्या. सासूबाईंनी डोळे मिटले. मला वाटतं, किती दिवसांनी त्या खांद्याला वारा लागत होता.

मग त्यांनी डोळे उघडले आणि करंडा उघडला. पहिल्या समोरच्या काकूच होत्या. ओशाळल्या होत्या, पण उठून गेल्या नव्हत्या. सासूबाईंनी अनामिका कुंकवात टेकवली. काकूंनी पटकन मान पुढे झुकवली, हाताला सोपं जावं म्हणून.

“वाकू नका,” सासूबाई म्हणाल्या. “सरळ बसा.”

काकू सरळ बसल्या. मी ट्रे ठेवला आणि अशी उभी राहिले की मला खांदा दिसेल. हात मांडीवरून उठला. छातीच्या उंचीवर आला. चंदनाच्या रेघा दंडावर ताणल्या गेल्या. मी खांद्याच्या टोकाकडे आणि कानाकडे बघत होते. हात हळूहळू वर जात होता आणि मधलं अंतर तसंच होतं. रेघेखालची जी चार बोटं कधी सरत नव्हती, तिथे क्षणभर हात थांबला. खांदा उचलायचा विचार करतोय असं मला वाटलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी “कान” म्हटलं नाही. अंतर तसंच ठेवून बोट काकूंच्या कपाळाला टेकलं.

कुंकू जरा डावीकडे गेलं होतं. काकू नमस्काराला वाकणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “थांबा, नीट नाही आलं,” आणि त्यांनी हात खाली घेऊन पुन्हा वर नेला.